विश्लेषण : कॅपिबाराची भुरळ आणि ट्रॉली बॅगेतली पिल्ले

दप्तराला लटकणारा किचेन, मोबाइलचे कव्हर, उशीच्या आकाराचे मऊ खेळणे, पाण्याच्या बाटलीवरचे चित्र... गेल्या काही वर्षांत एका तपकिरी, चौकोनी तोंडाच्या प्राण्याने मुलांच्या जगात घर केले आहे. त्याचे नाव कॅपिबारा. दक्षिण अमेरिकेतला हा प्राणी मुंबईतल्या बहुतेक मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण रील्समधून तो रोज भेटतो. त्याच्या जोडीला थायलंडची बुटकी पाणघोडी, जपानमधली पाणमांजरे आणि डोळे मोठे करून बघणारी माकडांची पिल्ले आहेतच. हा सगळा विरंगुळा निरुपद्रवी वाटतो आणि बराचसा तो तसा असतोही. मात्र साकीनाक्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर या भुरळीची दुसरी बाजू दिसते. तिथे सामानाच्या पट्ट्यावरून येणाऱ्या बॅगांमध्ये जिवंत प्राणी सापडत आहेत आणि त्यातले काही बॅग उघडेपर्यंत जिवंत राहिलेले नसतात. एखादा प्राणी आपल्याला गोंडस का वाटतो आणि त्या वाटण्याची किंमत कोण मोजतो, याचा हा आढावा.

कॅपिबारा नेमका आहे तरी कोण?

कॅपिबारा हा जगातला सर्वांत मोठा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गटातला कुरतडणारा प्राणी. गिनीपिग त्याचा जवळचा नातेवाईक. पूर्ण वाढलेला कॅपिबारा साधारण ३५ ते ६५ किलो वजनाचा असतो, म्हणजे जवळपास एका माणसाइतका. दक्षिण अमेरिकेतील नद्या, तळी आणि दलदलीच्या गवताळ प्रदेशात तो राहतो. त्याचे नाव तुपी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘गवत खाणारा’ असा आहे.

शरीराची सगळी ठेवण पाण्यासाठी केलेली. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. त्यामुळे अंग पाण्यात ठेवून तो बाहेरचा कानोसा घेऊ शकतो. बोटांमध्ये अर्धवट पडदे असतात आणि धोका दिसला तर तो काही मिनिटे पाण्याखाली राहू शकतो. जग्वार, ॲनाकोंडा आणि केमन जातीच्या मगरी हे त्याचे शत्रू. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि सतत गवत चावल्यामुळे झिजतात. गवत नीट पचावे म्हणून तो स्वतःची विष्ठाही खातो. गोंडस रील्समध्ये हा भाग अर्थातच नसतो.

तो इतका शांत कसा?

कॅपिबाराच्या पाठीवर बसलेले पक्षी, त्याला टेकून झोपलेली माकडे किंवा बदके अशी छायाचित्रे सतत फिरत असतात. त्यावरून तो सगळ्या प्राण्यांचा मित्र आहे असा समज झाला आहे. यामागची कारणे साधी आहेत. कॅपिबारा कळपात राहतो. एका कळपात साधारण १० ते २० प्राणी असतात आणि पाणी आटले की अनेक कळप एकाच डबक्याभोवती गोळा होतात. गर्दीत एकमेकांना खेटून राहण्याची त्याला सवय असते. तो शाकाहारी असल्याने लहान प्राण्यांना त्याच्यापासून धोका नसतो. पाठीवरचे पक्षी मैत्रीसाठी बसत नाहीत. त्यांना कॅपिबाराच्या अंगावरच्या गोचिड्या आणि तो चालताना उडणारे किडे हवे असतात. कॅपिबाराचीही त्यात सोय होते.

जपानच्या इझू शाबोतेन प्राणिसंग्रहालयात १९८२ पासून हिवाळ्यात कॅपिबारांना गरम पाण्याच्या कुंडात सोडले जाते. पाण्यात तरंगणारी युझू ही लिंबवर्गीय फळे आणि डोळे मिटून बसलेले कॅपिबारा, हे दृश्य जगभर पोहोचले. उष्ण प्रदेशातल्या या प्राण्याला थंडीत ऊब लागते, एवढे त्यामागचे साधे कारण. शांत दिसणारा हा प्राणी घाबरला किंवा कळपातल्या हद्दीचा प्रश्न आला की चावतो आणि त्याच्या पुढच्या दातांनी खोल जखम होते.

गोंडसपणाचे गणित काय?

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. शरीराच्या मानाने मोठे डोके, मोठे कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला असलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय आणि डगमगती चाल ही लक्षणे माणसाच्या तान्ह्या बाळात असतात. ती दिसली की मोठ्या माणसात बाळाला जपण्याची भावना जागी होते, असे त्यांचे म्हणणे होते. माणसाचे मूल बराच काळ परावलंबी असते. त्याला सोडून न जाता सांभाळणारे पालक असतील, तरच ते जगते. म्हणून ही ओढ उत्क्रांतीत टिकली. लोरेंझ यांना पुढे १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपली ही यंत्रणा थोडी सैल आहे, ही यातली मेख. बाळाची लक्षणे मांजराच्या पिल्लात, पेंग्विनमध्ये, कार्टूनमध्ये, अगदी मोटारीच्या दिव्यांमध्ये दिसली तरी ती चालू होते. उत्क्रांतीचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांनी मिकी माऊसच्या चित्रांची मापे घेऊन दाखवले होते, की वर्षे सरत गेली तसे मिकीचे डोके आणि डोळे मोठे होत गेले. लोकप्रिय होता होता तो अधिकाधिक बाळासारखा झाला.

कॅपिबारा मात्र या सूत्रात पूर्ण बसत नाही. त्याचे डोळे लहान आहेत आणि तोंड लांब, चौकोनी. त्याची भुरळ बाळपणापेक्षा निवांतपणाची आहे. अर्धे मिटलेले डोळे, कुणाशी भांडण नाही, कुठे पोहोचायची घाई नाही. सकाळी साडेनऊला साकीनाका मेट्रो स्थानकाच्या जिन्यावर अडकलेल्या माणसाला या प्राण्याचा हेवा वाटला, तर त्यात नवल नाही.

‘किती गोड, खाऊनच टाकावंसं वाटतं’ असे आपण का म्हणतो?

लहान मूल दिसले की गालगुच्चा घ्यायचा, दात-ओठ चावून ‘अस्सं कुस्करावंसं वाटतं’ म्हणायचे, हे आपल्याकडे घरोघरी चालते. येल विद्यापीठातील ओरियाना अरागॉन आणि सहकाऱ्यांनी याच वागण्याचा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आनंद आवरेनासा झाला की मन त्याला उलट्या भावनेची जोड देऊन तोल सांभाळते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. आनंदाने डोळ्यांत पाणी येते, तसाच हा प्रकार.

गोंडस चित्रांचा उपयोगही होतो. जपानच्या हिरोशिमा विद्यापीठात हिरोशी निट्टोनो यांनी केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांची आणि काहींना पूर्ण वाढलेल्या कुत्र्या-मांजरांची छायाचित्रे दाखवली. पिल्ले पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी त्यानंतर हात स्थिर ठेवून करायचे नाजूक काम अधिक काळजीपूर्वक केले. त्यामुळे कामाच्या मध्ये दोन मिनिटे कॅपिबारा पाहणाऱ्याला लगेच आळशी म्हणायचे कारण नाही.

पाळीव प्राण्यांना आपणच गोंडस केले का?

बऱ्याच अंशी हो. पोर्टस्मथ विद्यापीठाच्या ज्युलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या चेहऱ्यातील स्नायूंची तुलना केली. भुवईची आतली बाजू वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळकपणे आढळला. लांडग्यात तो तसा नव्हता. ज्याला आपण ‘केविलवाणे बघणे’ म्हणतो ते या स्नायूमुळे घडते. हजारो वर्षे माणसाने, नकळत का होईना, असे बघणाऱ्या कुत्र्यांना अधिक जपले आणि तो गुण वाढत गेला.

हीच निवड जाणूनबुजून आणि टोकाला नेली की काय होते, याचे उदाहरण पग. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि भारतीय शहरांत त्याची मागणी एकदम वाढली. सपाट चेहरा आणि मोठे डोळे बाळासारखे दिसतात खरे, पण चपट्या नाकामुळे पगला श्वास घेणे अवघड जाते. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. ज्याला धड धापही टाकता येत नाही त्याचे मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट उकाड्यात काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी. झोपेत तो घोरतो म्हणून घरातली माणसे हसतात, तेव्हा तो अनेकदा श्वासासाठी झगडत असतो.

रीलमधला प्राणी खरेच आनंदी असतो का?

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्लो लॉरिस या निशाचर प्राण्याचे. मोठ्या गोल डोळ्यांचा हा प्राणी आग्नेय आशियात आणि ईशान्य भारतातही आढळतो. २००९ मध्ये त्याची एक चित्रफीत गाजली. गुदगुल्या केल्या की तो दोन्ही हात वर करतो, हे पाहून लाखो लोक हसले. प्रत्यक्षात स्लो लॉरिस हा विषारी सस्तन प्राणी आहे. त्याच्या हाताच्या आतल्या बाजूला कोपराजवळ ग्रंथी असते. धोका वाटला की तो हात वर करून त्या ग्रंथीतला स्राव चाटतो आणि चाव्याची तयारी करतो. लोकांना जे गुदगुल्यांचे सुख वाटत होते, ती भीती होती. बाजारात विकण्याआधी अनेकदा त्याचे दात भूल न देता तोडले जातात. ॲना नेकारिस आणि सहकाऱ्यांनी या चित्रफितीखालच्या हजारो प्रतिक्रिया तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. अनेक प्रेक्षकांना तो प्राणी घरी पाळायला हवा होता.

थायलंडच्या खाओ खिआओ प्राणिसंग्रहालयात १० जुलै २०२४ रोजी जन्मलेल्या मू डेंग या बुटक्या पाणघोडीच्या पिल्लाचे काय झाले, तेही आठवावे. ती इतकी लोकप्रिय झाली, की तिला जागे करण्यासाठी प्रेक्षक तिच्या अंगावर वस्तू फेकू लागले. प्राणिसंग्रहालयाला प्रत्येक गटाला पाच मिनिटांचीच वेळ देण्याचा नियम करावा लागला. जंगलात या जातीचे तीन हजारांहून कमी प्राणी उरले आहेत, ही गोष्ट तिच्या नाचऱ्या रील्सइतकी पसरली नाही.

पडद्यावरची आवड बाजारात कशी येते?

भारतात याचा अनुभव २०१० मध्ये आला होता. घुबडांच्या बेकायदा व्यापाराविषयीचा अहवाल प्रसिद्ध होताना तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हॅरी पॉटरच्या प्रभावामुळे शहरी कुटुंबे मुलांना घुबड भेट देऊ लागल्याबद्दल चिंता व्यक्त केली होती. आपल्याकडे घुबडाला अंधश्रद्धेमुळे धोका होताच, त्यात हौसेची भर पडली.

पाणमांजरांचे तसेच. जपानमध्ये पाणमांजरांसोबत चहा-कॉफी घेण्याची टूम निघाली, समाजमाध्यमांवर ती पसरली आणि आग्नेय आशियातून पिल्लांची तस्करी वाढली. अखेर २०१९ मध्ये जिनिव्हा येथे ‘साइटस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत पाणमांजरांच्या दोन आशियाई जातींच्या व्यापारावर पूर्ण बंदी घालण्यात आली. त्यातली एक जात आपल्या कोकणातल्या नद्या-खाड्यांमध्ये राहते. त्याच परिषदेत भारतीय तारा कासवालाही हेच संरक्षण मिळाले. या कासवाची तस्करी मात्र उलट्या दिशेने, भारतातून बाहेर होते.

मुंबईतल्या घरांत सर्वाधिक दिसणारा परदेशी प्राणी बहुधा लाल कानाचे कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. विकताना ते रुपयाच्या नाण्याहून थोडेसे मोठे असते. ते २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि दोन-तीन दशके जगू शकते, हे विकणारा सांगत नाही. काचेच्या भांड्यात मावेनासे झाले की लोक त्याला जवळच्या तलावात सोडतात आणि पुण्य केल्याचे समाधान मानतात. तलावात ते स्थानिक कासवांच्या अन्नावर आणि जागेवर डल्ला मारते. जगातल्या सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे.

मुंबई विमानतळावर काय सापडते आहे?

गेल्या काही वर्षांत थायलंडमधून येणाऱ्या विमानांतून प्राण्यांची तस्करी वाढली आहे. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने जून २०२५ मध्ये सांगितले, की थायलंड-भारत हवाई मार्गावर साडेतीन वर्षांत ७ हजारांहून अधिक जिवंत-मृत प्राणी जप्त झाले आहेत. त्याच महिन्यात मुंबईत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी काही दिवसांच्या अंतराने अनेक प्रवाशांना पकडले. एकाकडे डझनावारी विषारी साप होते, तर दुसऱ्याकडे सरडे, सूर्यपक्षी आणि झाडावर राहणारे पोसम असे सुमारे शंभर जीव. त्याआधी फेब्रुवारीत पाच सियामांग गिबन सापडले होते.

ऑक्टोबर २०२५ अखेरची घटना सर्वांत चटका लावणारी. मलेशियातून थायलंडमार्गे आलेल्या एका प्रवाशाच्या चेक-इन केलेल्या ट्रॉली बॅगेत दोन रुपेरी गिबन होते. एक मेलेला होता. दुसरा अधिकाऱ्याच्या हातात अंग चोरून, चेहऱ्यावर हात घेऊन बसलेला चित्रफितीत दिसला. रुपेरी गिबन हे शेपूट नसलेले कपी फक्त इंडोनेशियाच्या जावा बेटावर आढळतात. ते जोडीने राहतात आणि मादीला दोन-तीन वर्षांत एखादेच पिल्लू होते. पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून वाढते. आई जिवंत असताना ते सहसा हाती लागत नाही. त्यामुळे गिबनचे पिल्लू विकायला आले, तर बहुतेक वेळा त्याच्या आईला मारलेले असते. बॅगेत दोन जीव मोजले जातात, जंगलात गमावलेले मोजले जात नाहीत.

जप्त केलेल्या प्राण्यांना मूळ देशात परत पाठवण्याची तरतूद आहे. पण परत गेलेला प्राणी पुन्हा जंगलात जाईलच असे नाही. आईकडून फळे ओळखायला, फांदीवरून झेप घ्यायला शिकलेले नसेल, तर त्याचे उरलेले आयुष्य पुनर्वसन केंद्रातच जाण्याची शक्यता अधिक.

कायदा काय म्हणतो? कॅपिबारा पाळता येईल का?

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने साइटसच्या यादीतील परदेशी प्राणी प्रथमच या कायद्याच्या चौकटीत आणले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. प्राण्याचा जन्म, मृत्यू किंवा हस्तांतर झाले तरी कळवावे लागते. त्यामुळे मकाव किंवा आफ्रिकन ग्रे पोपट घेताना विक्रेत्याने दिलेली साधी पावती पुरेशी नाही.

कॅपिबारा साइटसच्या यादीत नाही आणि त्याची जातही सध्या धोक्यात नाही. म्हणून तो सहज आणता येतो असे मात्र नाही. कोणताही जिवंत प्राणी आयात करण्यासाठी परवाना, पशुवैद्यकीय प्रमाणपत्रे आणि विलगीकरण लागते आणि मुंबईसह मोजक्याच ठिकाणांहून तो आणता येतो. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहावा. माणसाइतक्या वजनाच्या, पोहण्याएवढे खोल पाणी आणि चरायला गवत लागणाऱ्या, शिवाय एकटा राहू न शकणाऱ्या प्राण्याला वन रूम किचनमध्ये काय, टू बीएचकेमध्येही जागा नाही.

कायद्याचा सर्वाधिक भंग मात्र परदेशी नव्हे, देशी प्राण्यांबाबत होतो. पिंजऱ्यातला ‘मिठू’ अनेक मराठी घरांच्या आठवणीत आहे. पण आपला हिरवा पोपट पाळणे, विकणे आणि विकत घेणे हा गुन्हा आहे. तारा कासवाचेही तेच. वन्यजीव कायद्यातील सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी शिक्षा अधिक कडक आहे.

आरोग्याचा काय प्रश्न?

ब्राझीलमध्ये कॅपिबारांच्या वस्तीजवळ गोचिड्यांमुळे पसरणारा एक प्राणघातक ताप आढळतो. कॅपिबाराच्या रक्तात त्याचे जंतू वाढतात आणि गोचिड्यांमार्फत ते माणसापर्यंत पोहोचतात. हे दूरचे वाटत असेल, तर सिंधुदुर्गातला माकडताप आठवावा. २०१६ मध्ये दोडामार्ग भागात त्याचा उद्रेक झाला. तोही गोचिडीतूनच येतो. छोट्या कासवांमुळे मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होतो म्हणून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कायदेशीर आयातीतले विलगीकरण यासाठीच असते. बॅगेतून आलेला प्राणी ही चाळणी चुकवून थेट एखाद्या मुलाच्या मांडीवर पोहोचतो.

राणीच्या बागेतील पेंग्विनने काय शिकवले?

मुंबईला गोंडस प्राण्याची भुरळ पडली ती २०१६ मध्ये. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातल्या एका मादीचा ऑक्टोबरमध्ये मृत्यू झाला आणि मोठा वाद झाला. मार्च २०१७ मध्ये दालन खुले झाले तेव्हा मात्र लोकांची रीघ लागली. पाच रुपयांचे तिकीट त्याच वर्षी पन्नास रुपये झाले, तरी गर्दी राहिली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरातच दगावले. पुढे मात्र पिल्ले जगली आणि वाढली.

एका लोभस प्राण्याच्या जोरावर दुर्लक्षित उद्यानाकडे शहराचे लक्ष वळले, निधी आला आणि सुविधा सुधारल्या, ही या अनुभवाची एक बाजू. दुसरी अशी, की एअर कंडिशनर लावलेल्या काचेमागचा पेंग्विन पाहून बाहेर पडणाऱ्या किती मुलांना तो बर्फातला नसून पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा आहे आणि तिथे त्याची संख्या घटते आहे हे कळते? आवडीला माहितीची जोड मिळाली नाही, तर ती सेल्फीवरच थांबते.

साकीनाक्याच्या शेजारी कोण राहते?

अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सजवळ नोर्देल्ता नावाची उच्चभ्रू वसाहत आहे. पाराना नदीच्या पाणथळ जागेवर ती वसवली गेली. २०२१ मध्ये तिथल्या हिरवळींवर कॅपिबारा मोठ्या संख्येने फिरू लागले, बागा तुडवू लागले, कुत्र्यांशी त्यांची झटापट झाली. रहिवाशांनी ‘आक्रमणा’ची तक्रार केली. त्यावर देशभर प्रश्न विचारला गेला : आक्रमण नेमके कोणी कोणावर केले?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अंधेरी पूर्वेला मरोळ परिसरात किंवा आरेत बिबट्या दिसला की ‘बिबट्या सोसायटीत शिरला’ अशीच बातमी होते. साकी विहार रस्त्याने पुढे गेले की पवई तलाव लागतो. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या या तलावात मगरी राहतात. त्याच्या काठाने महापालिकेने सायकल मार्ग बांधायला घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो बेकायदा ठरवला आणि भराव काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. याच तलावाचे आणि विहारचे ओसंडणारे पाणी घेऊन मिठी नदी साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळते. आज ती नाला म्हणून ओळखली जाते.

मगरीला मोठे गोल डोळे नाहीत, गुबगुबीत गाल नाहीत. तिचे किचेन कोणी दप्तराला लावत नाही. वटवाघूळ, उदमांजर, घार, खारफुटीतला कोल्हा, धामण हे सगळे या उपनगराचे जुने रहिवासी आहेत, पण लोरेंझच्या सूत्रात ते नापास होतात. गोंडसपणावर विसंबून संरक्षण ठरवले, तर दूरदेशीच्या कॅपिबारावर जीव जडतो आणि मागच्या अंगणातली मगर उपऱ्यासारखी वाटू लागते.

मग प्राणी आवडणे चूक का?

अजिबात नाही. मुलाला कॅपिबारा आवडतो, ही निसर्गाकडे जाणारी एक वाट आहे. ती कुठे न्यायची, एवढेच मोठ्यांच्या हातात आहे. प्राणी माणसाच्या मांडीवर, कपड्यांत किंवा बाथटबमध्ये दिसत असेल, तर ती रील पुढे पाठवण्याआधी दोनदा विचार करावा. वन्य प्राणी माणसाशेजारी पाहिला की तो पाळता येतो आणि त्याची संख्या भरपूर आहे असा लोकांचा समज होतो, हे चिंपांझीच्या छायाचित्रांवर झालेल्या अभ्यासांत दिसले आहे. कळपात, पाण्यात, आपल्या जागी असलेला कॅपिबारा पाहायलाही तितकाच छान असतो.

घरात प्राणी हवाच असेल, तर रस्त्यावरचे देशी कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू दत्तक घेता येते. मुंबईच्या हवेत ते टिकते आणि त्याच्यासाठी कुठल्या जंगलात आईला मारावे लागत नाही. त्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण मात्र करून घ्यावे. आजारी किंवा जखमी प्राण्यासाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, मुंबईकरांचे ‘बैल-घोडा हॉस्पिटल’, दीडशे वर्षांच्या घरात पोहोचले आहे. इमारतीत उदमांजराचे पिल्लू, घुबड किंवा साप सापडला, तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या मदतवाहिनीवर कळवावे. घरचे लाल कानाचे कासव नकोसे झाले असेल, तर ते तलावात न सोडता प्राणी बचाव संस्थेशी बोलावे. दुकानदार किंवा समाजमाध्यमावरील विक्रेता ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

विमानतळावरचे अधिकारी प्रत्येक बॅग उघडू शकत नाहीत. जी सापडते ती एक, जी निसटते तिचा हिशेब नसतो. तस्कर प्राणी आणतो, कारण इथे कुणीतरी पैसे मोजून वाट पाहत असतो. मऊ कापडाचा कॅपिबारा दप्तराला खुशाल लटकू द्यावा. जिवंत प्राण्याची मागणी इथे थांबली, तरच तिकडच्या जंगलात गिबनचे पिल्लू आईच्या पोटाला धरून राहील.